‘कोकणी माणसाला पटवून देता येत नाही’ म्हणणाऱ्यांना

सिंधुदुर्गात एखादा प्रकल्प अडला, की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. कोकणी माणूस कशालाच तयार नसतो. त्याला समजावत बसाल तर जन्म जाईल. आधी काम सुरू करा, चार पोरं नोकरीला लागली की विरोध आपोआप मावळतो. निवडणुका लढवणारी मंडळी हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतात. भाषण ऐकून मत बदलणारा मतदार आता राहिलेला नाही. वाडीवाडीतली माणसं सांभाळा, देवळाच्या सभामंडपाला निधी द्या, भजनी मंडळाला पखवाज द्या, मुंबईहून गाड्या भरून मतदार आणा. मालवणपासून मंत्रालयापर्यंत हे इतक्यांदा बोललं गेलं आहे, की बोलणाऱ्याकडे आता कोणी पुरावा मागत नाही.

मी तो मागतो आहे. कारण या किनाऱ्याच्या गेल्या सत्तर वर्षांत त्यांच्या बाजूने उभं राहील असं फार थोडं आहे, आणि विरुद्ध जाणारं पुष्कळ आहे.

सुरुवात रेल्वेपासून करू. जो माणूस कशालाच तयार नसतो म्हणतात, त्याच माणसाच्या जमिनीतून कोकण रेल्वे गेली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्ग खुला झाला. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली, आणि कोकणातली जमीन म्हणजे काय हे ज्याने सातबारा वाचलाय त्याला ठाऊक आहे. दोन गुंठ्यांवर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, एखादं आफ्रिकेला. तरीही जमीन मिळाली. कणकवलीला, कुडाळला, सावंतवाडीला स्थानकं उभी राहिली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठं आंदोलन झालं, ते विसरता येत नाही. पण तिथेही वाद रेल्वे हवी की नको यापेक्षा ती कुठून जावी याचा होता. ‘कशालाच’ हा शब्द इथेच निकालात निघतो.

आता म्हणतील, रेल्वे सगळ्यांनाच हवी होती, तिथे पटवायचं काय होतं? उलट, तिथेच तर खूप होतं. हा प्रदेश डोंगर, खाड्या आणि भुसभुशीत मातीचा. इथे रेल्वे परवडत नाही, हे दिल्लीचं जुनं उत्तर. ते उत्तर बदलायला पिढी खर्ची पडली. इथल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी मागणी लावून धरली, त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी ती पुढे नेली. १९९०मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना वेगळं महामंडळ, चार राज्यांचा वाटा आणि जनतेकडून रोख्यांतून उभं केलेलं भांडवल असा तोडगा निघाला. ‘पैसा नाही’ म्हणणाऱ्याला पैसा कुठून येईल ते दाखवावं लागलं. तिकडे दिल्लीला पटवायचं आणि इकडे जमीनमालकाला, अशी दोन्हीकडची ही मेहनत होती.

या दोन खासदारांकडे जरा नीट पाहायला हवं, कारण मतदार ऐकत नाही या दाव्याला सर्वांत मोठा अडथळा त्यांचाच आहे. १९५७च्या नाथ पैंच्या विजयाचं श्रेय संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेला द्या, माझी हरकत नाही. पण १९६२ साली ती लाट ओसरली होती. महाराष्ट्रातल्या ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षाला राज्यभरात एकच जागा मिळाली, ती राजापूरची. पुढे १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. जनता पक्षाची एकमेव जागा पुन्हा राजापूरची, दंडवत्यांची. देश एका दिशेला वाहत असताना दोन वेळा हा मतदारसंघ वेगळं ठरवून मोकळा झाला. आणि दंडवते कोकणातलेही नव्हते. अहमदनगरला जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. कारखाना नाही, सहकारी बँक नाही, ठेके वाटायची सोय नाही. १९७१पासून सलग पाच वेळा त्यांना इथल्या माणसाने निवडून दिलं. ते कशाच्या जोरावर, हे ‘माणसं सांभाळा’ म्हणणाऱ्यांनी मला सांगावं.

नाथ पैंची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोलकनाथ खटल्याचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७चा. संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. सरकार चाचपडत असताना विरोधी बाकांवरच्या, लोकसभेत तेरा सदस्य असलेल्या पक्षाच्या या खासदाराने घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडेच राहावा म्हणून खासगी विधेयक मांडलं. संयुक्त समिती बसली, देशभर वाद झाला. विधेयक संमत होण्याआधीच डिसेंबर १९७०मध्ये लोकसभा विसर्जित झाली. १७ जानेवारी १९७१ला हुतात्मा दिनी बेळगावला त्यांनी भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली, आणि तिने जे केलं ते मूलतः त्यांनी मागितलेलंच होतं. त्या दुरुस्तीबद्दल मतभेद असू शकतात, ते आजही आहेत. पण सत्ता नाही, संख्या नाही, विधेयकही मंजूर नाही, आणि तरी मुद्दा जिंकला, हे वेंगुर्ल्यात जन्मलेल्या माणसाने करून दाखवलं आहे. युक्तिवाद निरुपयोगी म्हणणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ती माणसं मोठी होती, तो काळ गेला, शिवाय दंडवत्यांना रेल्वे येत असताना १९९१ला याच लोकांनी पाडलं. पाडलं, खरं आहे. मला त्याचं दुःख आहे. पण त्यातून लोकांना पटत नाही हे कसं सिद्ध होतं? ज्याला नाही म्हणायची मुभा आहे त्याच्याच होकाराला किंमत असते. पाच वेळा हो म्हणणारा सहाव्या वेळी नाही म्हणाला, म्हणजे तो प्रत्येक वेळी विचार करत होता. विकत घेतलेला मतदार नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच त्याच्या होकारावर पाच वर्षं भरवसा ठेवता येत नाही.

‘काळ गेला’ या मुद्द्याला तर इथली जत्राच उत्तर देते. जत्रेत होणाऱ्या दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. देव आणि दानव समोरासमोर उभे राहतात आणि धर्म, राज्य, वचन यांवर ऐन वेळी सुचेल तसा वाद घालतात. कोणाचा मुद्दा लंगडा पडला, कोणी प्रतिप्रश्नाला बगल दिली, हे समोर चादर पांघरून बसलेली म्हातारीसुद्धा ओळखते. भजनाच्या डबलबारीत दोन बुवा एकमेकांना उत्तरं देतात, आणि उत्तर अंगाशी आलं की मांडवातला माणूस तिथल्या तिथे दाद फिरवतो. उजाडेपर्यंत वाद ऐकायला बसणारा हा समाज आहे. तोच माणूस राजकीय सभेतून वीस मिनिटांत उठून जात असेल, तर तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता या किनाऱ्यावर खरोखर काय चुकलं त्याकडे वळतो. १३ एप्रिल १९८७ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९.१२ चौरस किलोमीटर, त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र: सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक. नकाशावर हे लहान दिसतं. प्रत्यक्षात हा मालवण बंदराचा उंबरठा आहे. इथूनच होड्या आत-बाहेर करतात, इथेच जवळपास रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची जाळी, लागतात. प्रवाळ, शैवाल, माशांच्या प्रजननाच्या जागा वाचवायच्या हा हेतू उत्तम होता, आणि मी तो आजही उत्तम मानतो. पण ज्याच्या दारात अभयारण्य आलं त्याला ते आधी कोणी समजावलं नाही. होडी घेऊन जाता येईल का? रापण लावता येईल का? घर दुरुस्त करायला परवानगी कोणाची? वन विभागाचा माणूस उद्या दंडुका घेऊन उभा राहणार का? आणि बाहेरचे मोठे ट्रॉलर रात्री आत घुसतात, त्यांना तुम्ही आवरणार की फक्त आम्हाला? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर शहाणा माणूस विरोधच करेल. मच्छीमारांनी विरोध केला, ग्रामसभांनी केला. अभयारण्य बहुतांश कागदावर राहिलं. ‘आमकां कोणी इचारूक नाय’, हे किनाऱ्यावरचं वाक्य गाऱ्हाणं म्हणून ऐकलं जातं. ती कारणमीमांसा आहे, आणि अचूक आहे.

यातलं खरं नुकसान वेगळंच आहे. अभयारण्य मच्छीमाराच्या हिताचं होतं, आणि ते त्याला सांगता आलं असतं. खडकांत माशांची पिल्लं वाढतात, ती बाहेर पडतात, आणि मग जाळ्यात येतात. हे मालवणच्या दांडी किंवा देवबागच्या माणसाला विद्यापीठातल्या माणसापेक्षा जास्त कळतं. आज त्याच किल्ल्याच्या पाण्यात मच्छीमारांच्या घरातली मुलं पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतात. प्रवाळ जिवंत असेल तरच हा धंदा आहे, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. हा मुद्दा १९८७ सालीही मांडता आला असता. मांडायला कोणी आलं नाही, आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं दोष मात्र इथल्या माणसाच्या माथी मारला गेला.

तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्डचंही तसंच. समुद्रविश्व उभारायला आधी हजार एकरांच्या पुढे जमीन लागेल म्हणून सांगितलं. गाव पेटला. मग तोच प्रकल्प साडेतीनशे एकरांत बसेल असं सांगण्यात आलं. साडेतीनशेत बसत होता तर उरलेली जमीन कशासाठी मागितली होती, हा प्रश्न कोणत्याही शेतकऱ्याच्या मनात येईल. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याने दुसऱ्या आकड्यावर तरी का विश्वास ठेवावा? पुढारी म्हणतात गाव अडेल आहे. मी म्हणतो गावाने हिशोब तपासला, आणि हिशोब चुकीचा निघाला.

‘समजावायला वेळ कुठे आहे’ हा युक्तिवाद मला सर्वांत दुबळा वाटतो. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प पाहा. राजापूरच्या गावांबरोबर देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही आपली दोन गावंही त्यात होती. मे २०१७मध्ये अधिसूचना निघाली. मार्च २०१९मध्ये ती मागे घ्यावी लागली. घाईने वाचवलेला वेळ कुठे गेला?

आणि लोकांना विचारलं होतं म्हणता, ते कसं, तेही पाहू. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. पूर्ण अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो, स्थानिक भाषेत फक्त सारांश द्यायचा. म्हणजे ज्याची विहीर, ज्याची कलमं, ज्याची खाडी, त्याने शेकडो पानांतली चार-दोन वाचून तीन मिनिटांत बोलायचं. मंचावर जिल्ह्याचे अधिकारी, समोर पोलीस बंदोबस्त, आणि निर्णय वर जवळपास झालेला. याला संमती मिळवणं म्हणत नाहीत. झालेला निर्णय वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून त्याला अडाणी ठरवायचं, हा माणसाचा अपमान आहे, आणि कोकणी माणूस अपमान विसरत नाही.

निवडणूक सल्लागार मंडळी इथे शास्त्राचा आधार घेतात. तो आधार खोटा नाही. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८मध्ये ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा एकत्र विचार केला आणि सांगितलं, की सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, दारोदार प्रचार यांनी उमेदवाराबद्दलचं मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य. सल्लागार इथे थांबतात. मी थांबणार नाही, कारण याच दोघांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेला मायामीतला प्रयोग सल्लागारांनी वाचलेला दिसत नाही. तिथे कार्यकर्ते तृतीयपंथीयांबद्दलच्या पूर्वग्रहावर बोलायला घरोघरी गेले. पत्रक वाचून दाखवलं नाही. समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव विचारला, कधी आपल्यालाही वेगळं काढलं गेलं होतं का ते आठवायला सांगितलं, आणि ऐकून घेतलं. दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. पाठ केलेला प्रचार माणसाला हलवत नाही आणि ऐकून घेणारं बोलणं हलवतं, हे एकाच जोडीचं काम सांगतं. त्यातली पहिली ओळ घेऊन दुसरी गाळणं ही लबाडी आहे.

आपल्याकडेही याचा पुरावा आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क जाळ्यात अडकले तर सोडून द्या, असं मच्छीमाराला वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. कायद्याची भीतीही दाखवली जात होती. मच्छीमाराचा आक्षेप सरळ होता: मोठा जीव सोडवायला जाळं कापावं लागतं, ते कोण भरून देणार? डिसेंबर २०१८पासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ लागले. सुटका केल्याचे फोटो दाखवायचे, पैसे घ्यायचे. पुढच्या काळात किनाऱ्यावरून सुटकेच्या बातम्या येत राहिल्या. इथे मच्छीमाराला कोणी वेगळं शहाणपण शिकवलं नाही. त्याचा आक्षेप खरा मानून योजना बदलली, एवढंच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळ तोडू नका अशी पाटी लावण्यापेक्षा ती होडी अधिक काम करते. आणि २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, तेव्हा घराघरात शौचालय बांधून ते वापरण्याची सवय याच ‘अडेल’ लोकांनी लावून घेतली होती.

उलट्या दिशेनेही पाहा. पारंपरिक मच्छीमारांनी सरकारला पटवलं आहे. पर्ससीन जाळी बांगडा-तारलीचे थवेच्या थवे उचलतात आणि रापणीला, छोट्या होडीला काही उरत नाही, हे ते वर्षानुवर्षं आकडे आणि अनुभव घेऊन मांडत राहिले. या प्रश्नावरच्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. अंमलबजावणी कमकुवत आहे, समुद्रात आजही भांडणं होतात. पण ज्यांना समजत नाही म्हणतात त्यांनी सरकारचं धोरण बदलून घेतलं, ही वस्तुस्थिती आहे.

इथे मी माझ्या बाजूच्या लोकांनाही सोडणार नाही. पर्ससीनधारकही याच किनाऱ्याचे आहेत, त्यांच्यावरही कर्जं आहेत, त्यांच्या बोटींवरही गरीब खलाशी आहेत. त्यांच्याशी बसून, पर्यायी जाळी, कर्जाची मुदत, हंगामाचे दिवस यांवर बोलणं झालं का? फारच थोडं. कायदा मिळवला आणि माणूस तसाच राहिला, म्हणून भांडण पाण्यात सुरू आहे. तसंच प्रकल्पविरोधाचं. अहवाल न वाचता पहिल्याच दिवशी ‘हद्दपार’ लिहिलेला फलक लावणारा पुढारी हा जमीन न विचारता मोजायला येणाऱ्या अधिकाऱ्याचाच भाऊ आहे. दोघांनीही समोरच्याच्या बुद्धीचा विचार केलेला नाही.

पैशाचं राजकारण चालतं, हे मी नाकारत नाही. चालतं म्हणूनच सभामंडप वाढले आणि सभा ओस पडल्या. पण पैशाने मत मिळतं, जमीन मिळत नाही, समुद्र वाचत नाही, सवयी बदलत नाहीत. जे काम लोकांच्या रोजच्या वागण्यावर उभं असतं ते निवडणुकीच्या आदल्या रात्री विकत घेता येत नाही. सागरी अभयारण्य, मासेमारीचे निर्बंध, कांदळवनं, कचरा, पर्यटनाची शिस्त हे या जिल्ह्यापुढचे सगळे मोठे प्रश्न त्याच जातीचे आहेत. इथे लोकांना पटवल्याशिवाय राज्य करताच येत नाही.

म्हणून मागणी ठोस आहे. अभयारण्याच्या व्यवस्थापनाचा किंवा किनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाचा आराखडा यापुढे आला, तर तो पूर्ण मराठीत यावा, सारांश नको. बैठका १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात घ्याव्यात, जेव्हा खलाशी घरी असतो, आणि दुपारी बाराला तहसील कचेरीत घेण्याऐवजी संध्याकाळी वाडीत, रापण संघाच्या जागेत किंवा देवळाच्या मंडपात घ्याव्यात. बायकांची बैठक वेगळी घ्यावी, कारण मासळी त्या विकतात आणि नुकसान पहिल्यांदा त्यांना कळतं. बोलायला येणाऱ्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला निर्णय बदलण्याचा अधिकार असावा. नुसता निरोप्या पाठवू नये. महिन्याभराने त्याच माणसाने त्याच वाडीत पुन्हा यावं, आणि पहिल्या बैठकीतल्या कोणत्या आक्षेपामुळे आराखड्यातली कोणती ओळ बदलली आणि कोणता आक्षेप का मान्य झाला नाही, ते लेखी आणावं. एवढं करूनही मालवणचा मच्छीमार किंवा तोंडवळीचा शेतकरी ऐकत नसेल, तर मग मला बोलवा. तुमच्या बाजूने वाडीवाडीत फिरायला मी येईन.